ग्रानाडाले जाल तर खाली उतरा

वाशीम,
आषाढ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप गोपीचंददादा यांसी शिखरचंदचा सविनय जय जिनेंद्र.

येथील सर्व मंडळी कुशल असून आपलं कुशल इच्छितो. आपली साखर आटोक्यात असेल, उज्ज्वलावहिनींचा खोकला गेला असेल आणि आसेगावच्या दुकानासमोरची नाली अखेर कोणीतरी उपसली असेल, अशी आशा करतो. (शुद्ध भाषा इथंच संपली दादा. यापुढं माह्यानं होत नाही.)

तुमी विचारलं, की ऑक्टोबरात तुमी अन् वहिनी आमच्या रुचाकडे स्पेनले जाऊन राह्यले, तर त्या ग्रानाडा गावात मुक्काम कुठं करावा. तिची खोली म्हणजे एक पलंग अन् एक खिडकी, म्हणून पाहुण्याले आपलं घर आपण पाहावं लागते. हा प्रश्न जगात माह्याशिवाय दुसऱ्या कोनाले विचारूच नका. उत्तर एका शब्दाचं हाये: खाली. बाजाराच्या बाजूले, सपाटीवर, लिफ्टच्या बिल्डिंगीत. मालक फुकट देतो म्हणला तरी वर जायचं नाही. आता काहून, ते सविस्तर लिहितो. (मोबाईलवर एवढं टाइप करतो म्हणलं तर माहा अंगठा थरथरते, म्हणून कागद.)

ते गाव म्हणजे समोरासमोर दोन टेकड्या. एकीवर जुन्या सुलतानांचा लाल महाल, दुसरीवर पांढऱ्या घरांची जुनी वस्ती, अन् मधात सपाट बाजारपेठ. रुचानं मले फोनवर तीनदा बजावलं होतं, की बाबा, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सातच महिने झाले, घर खालीच घ्या, वर आपण नुसतं पाहायले जाऊ. मी 'हो बेटा' म्हणलं अन् वरचं घर बुक केलं. आता तुमी म्हणाल, याची मती मारली गेली होती का? तर नाही. मी पुरा विचार केला होता, तोच नडला. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांचा. अन् तिथल्या हॉटेलांच्या चुली पेटतात साडेआठले. आपण दिवस बुडाल्यावर तोंडात घास घालत नाही, म्हणजे चार दिवस उपासच की! मग मले आठवला शिखरजीचा पहाड. खाली धर्मशाळेत दिवे लागतात तवा वर ऊन असते, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. म्हणलं, जेवढं घर उंच तेवढा सूर्य उशिरा मावळते, घरात शेगडी असली की झालं काम. राह्यला प्रश्न तुमच्या बहिणीच्या, भागिरथीच्या गुडघ्याचा. तर दादा, इथं मी माती खाल्ली. पहाड म्हणलं की पायथ्याशी डोलीवाले असतातच, हे मी धरूनच चाललो. शिखरजीले हायेत, गिरनारले हायेत, मग एवढ्या नामी गावात कायले नसतील?

टॅक्सीवाल्यानं आमाले रस्ता संपला तिथं उतरवलं अन् तो पळाला. पुढं चौऱ्याण्णव पायऱ्या, त्याही नदीतल्या गोल गोट्यांच्या. संगं दोन बॅगा, त्यात ज्वारीचं पीठ, मूगडाळ, खाकरे अन् पाण्याचं गाळणं. भागिरथीले एका बॅगेवर बसवलं अन् मी डोलीवाले धुंडाळू लागलो. बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. त्याले माहं हिंदी समजेना, मले त्याचं स्पॅनिश. मग मी हातवारे केले: भागिरथीकडे बोट दाखवलं, खांद्यावर दांडा घेतल्यासारखं केलं, चार बोटं दाखवली (चार माणसं), अन् वर डोंगराकडे हात केला. म्हातारा उठला. त्यानं टोपी काढली, छातीवर क्रूस केला, माह्या खांद्यावर हात ठेवला अन् डोळ्यात पाणी आणून समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. तिकडं कबरस्तान हाये, हे रुचानं मागून सांगतलं. भागिरथी तवा बॅगेवर बसून खाकरा खाऊन राह्यली होती.

सव्वा तासानं वर पोहोचलो. साडेसहा वाजले होते, मी घाबरून खिचडी टाकली, तोंड भाजत सातच्या आत जेवण उरकलं. अन् सूर्य? सूर्य आपला मस्त डोक्यावर! आठ वाजले, नऊ वाजले, तो हलेचना. मावळला पावणेदहाले. वाशीमचा सूर्य वाशीमचाच असते, हे कोण्या शहाण्यानं मले आधी सांगायले नको? भागिरथीनं एकदा सूर्याकडे पाह्यलं, एकदा माह्याकडे पाह्यलं. सव्वानऊले आमाले पुन्हा भूक लागली म्हणून पुन्हा जेवलो. नेमात बसत होतं.

हसणं सोडा, खरी धास्ती दुसऱ्या दिवसाची होती. रुचाची पीएचडीची तोंडी परीक्षा अकरा वाजता, खाली विद्यापीठात. चार वर्षं पोरगी परमुलखात एकटी राह्यली ती या एका दिवसासाठी. ऑपरेशनच्या टेबलावर जाता जाता भागिरथीनं डॉक्टरले एवढंच विचारलं होतं, की जुलैपर्यंत मी चालीन ना? अन् अशा माणसाले मी नेऊन चौऱ्याण्णव पायऱ्यांवर ठेवलं! चढताना गुडघा सुजला होता. ती जर त्या हॉलात पोहोचली नसती तर मी पोरीले तोंड दाखवलं नसतं, सांगतो सरळ. सोताची लाज वाटली मले.

आठ वाजता निघालो. मी घरातली प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली. ऑपरेशनचा पाय आधी, मग दुसरा, दर पायरीले एक णमोकार मंत्र. दर वळणावर खुर्ची मांडायची, तिनं बसायचं, मी पाय चेपायचे, मग उठायचं. कोण्या देशाचे प्रवासी आमचे फोटो काढून राह्यले होते कोण जाणे. एका बाईनं खिडकीतून पाणी देऊ केलं, ते गाळलेलं नसल्यानं आमी हात जोडले, तर तिनंही जोडले. पायऱ्या संपल्यावर एक इवलीशी बस येते. ड्रायव्हरनं खुर्ची पाह्यली, गुडघा पाह्यला अन् चढा म्हणून मान हलवली.

अकराले दहा कमी असताना हॉलात शिरलो तर बाप्पा! तिथं बाकंच पायऱ्यापायऱ्यांवर. मग काय, या वाशीमच्या कापडवाल्यानं आपली खुर्ची परीक्षकांच्या शेजारी सपाटीवर मांडली. मुख्य परीक्षक उठले अन् त्यायनं आपली बॅग सरकवून जागा केली. रुचानं आईले समोर पाह्यलं अन् बोलायले लागली ते तासभर, सारं स्पॅनिशमधी. आमाले ओ की ठो कळलं नाही. पण भागिरथी दर वाक्याले अशी मान डोलवे, की परीक्षकबी मधून मधून तिच्याकडे पाहू लागले. शेवटी सारे उभे राह्यले अन् टाळ्या पडल्या. जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या झाडाच्या मुळांवर तिनं काम केलं. जमिनीखालचं काही न खाणाऱ्या घरातली पोरगी मुळांवर डॉक्टर झाली! मी तिथंच रडलो. सुटलो दादा, सुटलो! अजूनही रोज सकाळी उठून पहिले हेच वाटते.

म्हणून म्हणतो, खालीच घर घ्या. (अन् तिथं नुसतं सरबत मागवलं तरी संगं खाण्याची बशी फुकट येते, तिले हात लावण्याआधी आत काय हाये ते विचारा. मी वेळेवर विचारलं म्हणून वाचलो.) वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
शिखरचंद

ता.क. एक नाजूक गोष्ट राह्यली. पायऱ्यांवर बसल्या बसल्या भागिरथीनं विचारलं, की हे वरचं घर कोनाच्या डोक्यातून निघालं? माह्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. येत्या राखीले ती आसेगावले येऊन राह्यली. तिनं विचारलं तर 'हो, मीच सांगतलं होतं' एवढंच म्हणा. बहीण भावावर किती दिवस रागावते? आमचा तर उरलेला जन्म जायचा.

ता.क. दुसरा (अक्षर माहं, भागिरथीचं). दादा, ह्यायले चष्मा सापडला नाही म्हणून पाकिटाले डिंक मी लावून राह्यले. तुयं नाव खोटं हाये हे मले तिथंच समजलं होतं, तुले तर ते गाव नकाशात सापडत नाही. ह्यायचं काही ऐकू नको. वरचंच घर घे, अन् एक खोली आमच्यासाठीबी सांगून ठेव, मी पुन्हा येईन म्हणते. छत्तीस वर्षांत हे रस्त्यानं कधी माह्यासंगं चालले नाहीत, कायम दहा पावलं पुढं. त्या पायऱ्यांवर चार दिवस माह्या बरोबरीनं चालले.