हरकत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचलो एकदाच्या! सामान कमी आणि पिशव्या जास्त अशी आमची वरात, त्यात ठिणगीने फाटकापासूनच भांडण काढलं. खिडकीकडची खाट तिची, आरशाचं कपाट तिचं, आणि मला उरलं काय, तर दाराजवळचा वारा. नऊ वर्षांची पोर, पण तोंड वकिलाचं. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं, घरात ती ठिणगीच.

इमारत तीन मजल्यांची. तळाला तपासणीच्या खोल्या, मधल्या मजल्यावर अभ्यासात भाग घेतलेले रुग्ण, वर आम्ही नर्स. दमा आणि ॲलर्जीवरच्या एका नव्या इंजेक्शनाचा अभ्यास इथे चालतो. केंद्र ज्या डॉक्टरीणबाई चालवतात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात, हा भाग वेगळा.

बाईंनी आल्या आल्या सांगितलं, की कर्मचाऱ्यांची मुलं अभ्यासात घेत नाहीत, पण ठिणगीला घेऊ. माझ्याबद्दल सासूबाई म्हणायच्या, हिला मिठाच्या बरणीचाही संशय येतो. आला खरा. न मागता एवढं कोण देतं? पण मागच्या हिवाळ्यात पोरीचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत. तिचे बाबा गेल्यापासून माझ्याजवळ ती एकटीच उरली आहे, आणि ती दम्याचा पंप उशाशी घेऊन झोपते. सही करून टाकली.

५ फेब्रुवारी

काम आवडलं. सकाळी कातडीची चाचणी. हातावर ओळीने थेंब टाकायचे, धुळीचा, परागकणांचा, बुरशीचा, मांजराचा, आणि प्रत्येक थेंबातून सुई हलकेच टोचायची. ज्याची ॲलर्जी त्याची गांधी उठते, ती पट्टीने मोजायची. शेवटचा थेंब खात्रीचा. त्याने कुणाचीही कातडी फुगतेच. नाही फुगली तर चाचणी बाद.

मग धुळीची खोली. काचेची खोली, आत खुर्च्या. वरून मोजूनमापून धूळ सोडतात आणि रुग्ण त्यात बसतात. आम्ही काचेबाहेरून कोण शिंकलं, कोण खोकलं ते टिपायचं. पैसे घेऊन शिंका मोजणारी मी घराण्यातली पहिलीच.

बाईंनी चहा पिता पिता समजावलं. दमा म्हणजे अंगाने घेतलेली हरकत. धूळ बिचारी काही करत नाही, पण अंगच भांडखोर, जरा कुणी झाडू मारला की पदर खोचून बाहेर. हे इंजेक्शन अंगाला दोनच शब्द शिकवतं, हरकत नाही. अर्ध्या लोकांना खरं औषध मिळतं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय ते संगणक ठरवतो, बाईंनाही ठाऊक नसतं म्हणे.

ठिणगीला आज पहिलं इंजेक्शन दिलं. तिने टोचणाऱ्या नर्सच्या हाताचा चावा घेतला. मी शरमेने मान खाली घालून उभी होते आणि मनात देवाला म्हणत होते, पाणी नको रे बाबा, खरं औषध दे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खरंच मिळालं असावं! आज ती तिन्ही मजले धावत चढली आणि वर येऊन तिने मला टुकटुक केलं. छातीत शिट्टी नाही, धाप नाही. काल पंप कपाटातच राहिला होता आणि आमच्या दोघींच्या लक्षातही आलं नाही. न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले.

केस विंचरताना एरवी आमच्याकडे महायुद्ध. आज गप्प बसली. म्हटलं, चला, औषधाबरोबर शहाणपणही टोचलेलं दिसतंय.

खाली दोघांशी ओळख झाली. सुतारकाकांना लाकडाच्या भुशानेच दमा जडला होता. धंदा सोडायची वेळ आली होती, आता इथूनच रोज दुकानात जातात. दुसऱ्या वाचनालयातल्या ताई. जुनी पुस्तकं उघडली की त्यांचा घसा मिटायचा. दोघांची इंजेक्शनं पूर्ण झालीत, दोघं ठणठणीत. बोलायला गोड. काहीही विचारा, म्हणतात हरकत नाही.

२१ फेब्रुवारी

आज धुळीच्या खोलीत सुतारकाका होते. तासभर एक शिंक नाही. मी आपली खूश. वेळ संपल्यावर दार उघडून आत गेले तर त्यांच्या पापण्या करड्या झालेल्या. तेवढं चालेल. पण धूळ त्यांच्या बुबुळांवर बसली होती, न पुसलेल्या टीव्हीवर बसते तशी, आणि ते माझ्याकडे पाहत होते. पापणी लवत नव्हती.

मी घाईने ओला कापूस दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला आणि म्हणाले, हरकत नाही.

बाईंना सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली. मला नव्हे, औषधाला.

२६ फेब्रुवारी

मी काकांवर डोळा ठेवून आहे, उगाच नाही. आज रक्तदाब घेताना त्यांचा तळवा उलटा केला. कातडीखाली बोटाएवढी लाकडाची ढलपी. वर कातडी गुळगुळीत जुळलेली. ना लाली, ना पू, ना सूज. रंधा मारताना घुसली असेल, म्हणाले, कधी ते आठवत नाही. काढू का विचारलं तर काढा, राहू द्या म्हटलं तर राहू द्या.

बाईंना म्हटलं, अंग कुणाशीच भांडणार नसेल तर दारावर राखण कोण करणार? बाई हसल्या. तुमचा स्वभाव संशयी आहे, म्हणाल्या. हे मला नवीन नाही. पण हसताना एक चिलट त्यांच्या ओठावर बसलं, आत चालत गेलं, आणि बाई बोलतच राहिल्या.

बाईंनीही टोचून घेतलंय. माझी खात्री आहे.

१ मार्च

ठिणगीच्या पोळलेल्या बोटाबद्दल लिहायचं राहिलं. चहाच्या भांड्याला हात लागला परवा. मी किंचाळले, ती नाही. तिने हात मागेही घेतला नाही, मी ओढला.

आज मुद्दाम तिच्याशी भांडण काढलं. खिडकीकडची खाट मला हवी, म्हटलं. हरकत नाही. तुझी बाहुली वाचनालयातल्या ताईंच्या भाचीला देऊन टाकते. हरकत नाही. मग विंचरताना केस जोरात ओढले. आई आहे मी, आणि ओढले. कंगव्यात पुंजका आला. ती आरशात शांतपणे माझ्याकडे पाहत होती. मीच रडायला लागले तेव्हा तिने विचारलं, की अजून ओढायचे आहेत का.

देवा, पाणी असू दे. तिला मिठाचं पाणीच दिलेलं असू दे. मी चुकीचं मागितलं होतं.

४ मार्च, मंगळवार

वाचनालयातल्या ताईंच्या नखांभोवती पांढरी लव दिसली. पावडर समजून स्पिरिटने पुसायला गेले. निघेना. चिमट्यात धरलं तर ते लांबत आलं, उसवलेला दोरा येतो तसं, नखाखालून, आणखी आतून — ताई कौतुकाने बघत होत्या. मी सोडून दिलं तर त्यांनी दुसरा हात पुढे केला.

बुरशी आहे ती. कातडीच्या चाचणीतला तिसरा थेंब. जिवंत माणसात असं वाढू देत नाही अंग. हाकलतं, शिंकतं, खाजवतं, फुगतं. यांच्यात हाकलायला कुणी उरलेलंच नाही.

आणि जो आत आला तो आता आतून बोलतोय का? कोण म्हणतंय हरकत नाही?

७ मार्च

खात्रीचा थेंब खिशातून वर आणला. आधी माझ्या हातावर टोचला. टरारून गांधी उठली. मग ठिणगीच्या.

काही नाही. वाट पाहिली, पुन्हा टोचलं. काही नाही. सुईचा ठिपकाही बुजला.

पाणी नव्हतं तर.

तिच्या कानामागे पांढरं दिसतंय. मी बघितलं नाही असं केलं.

१० मार्च

निघालो. मला वाटलं होतं अडवतील, खोटंनाटं सांगतील, फाटकाला कुलूप घालतील. मी भांडायची तयारी करून गेले होते. बाईंनी कागद बाजूला सारले आणि म्हणाल्या, हरकत नाही. फाटक सताड उघडं. याचीच जास्त भीती वाटली.

दादाच्या गावची बस धरली. त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझं डोकं फिरलंय, पण ये. ठिणगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि मला शिंका सुटल्या. मला! जन्मात साधं पडसं माहीत नाही मला. मग डोळे, मग घसा. उतरावं लागलं. स्टँडमागच्या लॉजमध्ये खोली घेतली आहे.

मांडीवर तिच्या गालाएवढी गांधी उठली आहे.

११ मार्च

तिच्या कानामागून कापसाने थोडं पुसून घेतलं. पाण्यात कालवलं, माझ्या हातावर थेंब, सुई.

पट्टी लावायची गरज नाही. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजलाय.

माझं अंग हरकत घेतंय. माझ्याच पोरीला. जिला नऊ महिने पोटात वाढवली, तिला.

१२ मार्च

निघताना केंद्रातून जीव वाचवायच्या दोन सुया उचलल्या होत्या, घसा मिटला तर मांडीत मारायच्या. आज एक स्वतःला मारून घेतली. तिला फक्त जेवू घालत होते मी.

इथल्या डॉक्टरने तिला तपासलं. छाती स्वच्छ, इतकी स्वच्छ छाती बघितली नाही म्हणाला. कानामागे बघा म्हटलं तर त्याने मलाच गोळ्या लिहून दिल्या.

तिला म्हटलं, राणी, जरा लांब बस, खिडकीपाशी. बसली. मी कोसळले ती दुपारपर्यंत झोपून. उठले तर तशीच — पाठ ताठ, तोंड भिंतीकडे, बशीत सकाळचा पाव तसाच. खा म्हटलं नव्हतं ना मी.

१३ मार्च

आज हात जोडले तिच्यापुढे. भांड म्हटलं. चाव. आईला नाही म्हण, एकदाच, कशालाही.

पाहत राहिली. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं —

दादा निघालाय. परवा पोचेल.

ती आहे की तिच्या जागी — मला कळायला हवं. आई आहे मी. मला का कळत नाही

१४ मार्च

ती खोलीत नुसती बसली तरी मला धाप. दाराबाहेर जिन्यात बसून लिहितेय. आतून आवाज नाही. ती श्वास तरी —

घेते. कान लावून ऐकला. संथ. दम्याच्या आधीही इतका सुरेख श्वास नव्हता तिचा.

सोडून जाऊ? कशी जाऊ. कुणी काहीही सांगेल आणि ही ऐकेल —

आत जाते. दार उघडं ठेवून.

१५ मार्च

डोळा लागला होता. जाग आली तर पाठीशी ती — गळ्यात दोन्ही हात. आपणहून. मी बोलावलं नव्हतं

सुई टेबलावर. हात पोचत नाही. आवाज फुटत नाही. वही तेवढी उशाशी — मोठ्या अक्षरात लिहून तिलाच दाखवते —

सोड

वाचलं. मान हलवली. नाही म्हणाली.

नाही म्हणाली! किती दिवसांनी — कोण आहे कोण जाणे, पण घट्ट — माझी पोर नाही म्हणा