घुटीचं बोट

४ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेलो तर व्याही माझ्या खुर्चीत बसलेले आणि करंगळी थेट नाकात. घाई नाही, लाज नाही. खोदकाम उरकल्यावर करंगळी खुर्चीच्या हाताखाली पुसली. माझ्या खुर्चीच्या!

केरबा म्हणजे आमच्या रेश्माचा बाप. सूनबाईचा बाप म्हणून सहन करायचं. गाव साताऱ्याकडचं खंडाळा, लष्करातून हवालदार होऊन निवृत्त. नात झाली तेव्हा "आता लेकीच्या घरचं पानी प्यायला मोकळा झालो" म्हणत इथं सांगलीला, विश्रामबागेत आला. ते पाणी अजून पितोच आहे. होळी तोंडावर आली तरी हलायचं नाव नाही.

म्हटलं, "केरबा, ते बोट आवर आधी."

"गड्या, बंदुकीची नळी आन नाक, रोज साफ करावं लागतंय," म्हणाला, आणि हसला. जयराजही हसला. माझा मुलगा — आणि हसतो त्याच्या विनोदाला!

शाळेतही हा असाच होता. मामाकडं राहून रहिमतपूरला शिकायला आला आणि नेमका माझ्या मागं बसला. जन्मभर कोणी ना कोणी आपल्या मागं बसतंच.

६ मार्च, गुरुवार

नातीची घुटी मी देतो. या घरात तेवढं एक काम माझं उरलंय. जयराज बँकेत, रेश्मा स्वयंपाकघरात. मी सतरंजीवर सहाण घेऊन बसतो. दुधाचे चार थेंब, मग मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, एकेकाचे वेढे. क्रांती शेजारी दुपट्यावर पाय झाडत असते. (नाव मीच ठेवलं. रेश्माला काहीतरी गुळगुळीत हवं होतं.)

वेढे घेता घेता कविता आपोआप येते. आमच्या गुरुजींनी स्वतः रचलेली —

ओढ्यापल्याड हिरवी वाट,
वाटेवरती सोनपहाट...

मग मी इथं नसतोच. शाळेच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर असतो. पाटीचा ओला वास, बाहेर चिंचेखाली कोणाची तरी सायकल, आणि तपासणीला साहेब आलेले. गुरुजी म्हणाले, "तू ऊठ." मी उठलो, डोळे मिटले आणि म्हटली. सगळी म्हटली! अख्खा वर्ग आनंदानं हसत होता. साहेबसुद्धा. गुरुजी तर खिडकीकडं तोंड फिरवून उभे, खांदे हलत होते. गहिवरले बिचारे. पुढं सातारच्या स्टँडावर जन्मभर माइकवरून गाड्या पुकारल्या, पण तशी दाद पुन्हा नाही.

कविता संपते तेव्हा मी परत येतो. घुटीत बोट बुडवतो, क्रांतीच्या तोंडात देतो. ती चोखते! इवलीशी गरम जीभ. त्या एका क्षणासाठी सकाळी उठावंसं वाटतं.

रंगूला, जयराजच्या आईला, मात्र कवितेचं वावडं होतं. मी सुरू केली की हातावर चापट. "आवं, पुरं करा की!" चांगली बाई, पण कवितेत गोडी नाही. आठवण आली की अजून मनगट चुरचुरतं.

७ मार्च, शुक्रवार

नाकातून परत रक्त. उन्हाळा लवकर आला. रेश्माला सब्जा भिजवायला सांगितला.

९ मार्च, रविवार

केरबानं माझ्या रुमालावरचा डाग पाहिला. माणसानं पाहून न पाहिल्यासारखं करावं. हा म्हणतो, "गड्या, नाकाला आतनं खोबरेल लाव. आन नखं काप."

नखं काप! कोण सांगतंय? ज्याच्या करंगळीच्या नखात बी पेरलं तर उगवेल तो!

"आधी आपली करंगळी बघा, व्याही!" मी रेश्मासमोरच, मोठ्यानं म्हटलं. केरबा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला, मग उठून गॅलरीत गेला.

जिंकलो.

११ मार्च, मंगळवार

क्रांतीच्या ओठाच्या कोपऱ्याला पुळ्या. फुटून वर पिवळी खपली धरलीय, मध वाळल्यासारखी. घुटी देताना आज बोट नीट धरलं नाही तिनं. रडली.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरीण अगदी तरुण. पण स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "हे जंतू बऱ्याच माणसांच्या नाकात असतात. नाकात बोट घालायचं, नखानं आतली कातडी सोलायची, तिथंच ते ठाण मांडतात. मग तेच बोट बाळाला लागतं. घरात नाक कोरायची सवय कोणाला आहे?"

मग मी बोललो. नाव घेऊन बोललो! रेश्मा खाली बघत होती. बघू दे. बापाचे प्रताप.

डॉक्टरीण पुढं बरंच म्हणाली. सारखं कोरून रक्त येतं, कधी मधल्या पडद्याला भोक पडतं, नाकात फोड झाला तर पिळायचा नाही, विष डोळ्याकडं, मेंदूकडं चढू शकतं. मी सगळं पाठ केलं आणि घरी येऊन केरबाला उभ्यानं म्हणून दाखवलं.

तो म्हणतो, "म्या तर पोरीला अजून हातबी लावला न्हाई. लय नाजूक हाय. भ्या वाटतंय."

"तू खुर्चीला पुसतोस. खुर्चीला माझा हात लागतो. माझा हात पोरीला लागतो. कळलं?"

"व्हय," म्हणाला. एवढंच. हवालदाराला हिशेब पटला!

पण शिक्षा मला. घुटी बंद. बोटानं बाळाला काही द्यायचं नाही म्हणाली. याच्या करंगळीपायी माझं एक काम होतं तेही गेलं. सहाण धुऊन ओट्याखाली ठेवली. रेश्माला म्हटलं, चार दिवसांनी बघू. डॉक्टरांचं सगळंच ऐकायचं नसतं.

१५ मार्च, शनिवार

क्रांतीला ताप. गाल, मान, काखेत पुळ्या पसरल्या. काल संध्याकाळी दवाखान्यात ठेवलं. एवढ्याशा पायात सलाईनची सुई, वर पट्टी बांधलेली. रडून रडून तिचा आवाज बसलाय. रेश्मा तिच्या उशाशी दगडासारखी बसून.

केरबा पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो. "जा तू. नात जगायला हवी असेल तर आत्ताच्या आत्ता जा. परत या घरात पाय ठेवू नकोस."

मला वाटलं भांडेल. मीही तयार होतो, दोन दिवस शब्द जुळवून ठेवले होते. तो पिशवी उचलून म्हणाला, "जातो. पर गड्या, पोरीला घुटी देऊ नगंस. तेवढं माझं ऐक."

अजून हुकूम सोडतो! जयराज म्हणाला, "आबा, अहो काय हे? सासऱ्याला असं घालवायचं?" मी म्हटलं, तुझ्या पोरीसाठी घालवलं.

साताऱ्याची गाडी सुटेपर्यंत स्टँडवर थांबलो. माझ्या जन्मात मी लाखभर माणसं गाडीत बसवली असतील, इतक्या समाधानानं एकही नाही. त्यानं खिडकीतून हात केला. मी केला नाही.

१७ मार्च, सोमवार

ताप तसाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्यांच्या नाकातला नमुना तपासू. कापूस लावलेली काडी फिरवली प्रत्येकाच्या नाकात. म्हटलं, "बाई, काडी खंडाळ्याला पाठवा. खरा चोर तिकडं आहे."

हसल्या नाहीत. माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "आबा, नाकाचा शेंडा लाल झालाय. आत दुखतं?"

"उन्हाचं आहे," म्हटलं.

दुखतं. पण त्यांना कशाला सांगू?

२० मार्च, गुरुवार

ताप उतरला! दूध प्याली. हसलीसुद्धा, पट्टीचा पाय हलवून.

काड्यांचा निकाल आला. जयराजच्या नाकात काही नाही. रेश्माच्या नाही. माझ्या आहे. बाळाच्या पुळ्यांत सापडले तेच जंतू.

मग? एका छताखाली राहून लागलं असेल केरबाचं! मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेलही," आणि नाकात लावायला मलम लिहून दिलं. "असेलही" हा शब्द माणसं कधी वापरतात ते मला कळतं. गाडी येणार नसली की स्टँडवर मी रोज वापरायचो.

रेश्मा माझ्याकडं न बघताच मलम आणायला गेली. बापाची लेक!

२२ मार्च, शनिवार

क्रांती घरी आली.

दुपारी रेश्मानं तिला झोपवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. हातात मोबाईल. "आबा, मागच्या महिन्यात मी तुमचा व्हिडिओ काढला होता, बहिणीला पाठवायला. तुम्ही घुटी उगाळत गाताय असा. तेव्हा नीट बघितलाच नाही. दवाखान्यात बसल्या बसल्या बघितला." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

बघितलं. म्हातारा सतरंजीवर बसलाय. वेढे घेतोय. ओढ्यापल्याड हिरवी वाट. डोळे मिटतात. सहाणेवरचा हात थांबतो. सोनपहाटेला तो हात उठतो आणि बोट नाकात जातं — सवयीच्या घरात जावं तसं, दार न वाजवता. आत फिरतं. कविता चालूच. कविता संपते, बोट बाहेर येतं, घुटीत बुडतं. मग क्रांतीच्या तोंडात.

ती चोखते.

किती सुखात आहे तो म्हातारा! माझ्या तोंडावर इतकं सुख मी आरशात कधी बघितलं नाही.

"हा मी नाही," म्हटलं. रेश्मानं परत लावला नाही. मोबाईल उचलून आत गेली.

रंगू, ती चापट कवितेला नव्हती.

२३ मार्च, रविवार

केरबाला फोन केला.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"शाळेपासनं, गड्या. मागंच बसायचो की तुझ्या."

"साहेब आले होते त्या दिवशी?"

तिकडं कोणाची तरी म्हैस ओरडली. मग म्हणाला, "वर्ग हसला, तुला वाटलं कविता आवडली. लय खूश हुतास. म्या काय बोलनार? आन म्या बी त्यातलाच. पर मला म्हाईत असतंय, तुला न्हाई."

"आणि आता? पोरीसाठी तरी बोलायचं होतंस, गाढवा!"

"नखं काप म्हनलो. घुटी देऊ नगंस म्हनलो. त्याच्या म्होरं जीभ रेटंना. लेकीचं सासर हाय, तिच्या सासऱ्याला त्वांडावर कसं सांगू?" थोडं थांबून म्हणाला, "चुकलं. पोरीपुढं मानपान बघाया नगं हुता."

मी फोन ठेवला. त्याला ये म्हणालो नाही. राग गेलेला नाही माझा. उलट वाढलाय. एवढी वर्षं त्यानं मला तो वर्ग ठेवू दिला होता, आणि मीच आज विचारून घालवला.

३० मार्च, रविवार. पाडवा

नखं कापली, मलम लावलं. रेश्मानं आपण होऊन क्रांतीला सतरंजीवर माझ्या शेजारी आणून ठेवलं आणि दारात उभी राहिली.

उजवा हात मांडीखाली दाबून बसलो. डोळे उघडे ठेवले. ओढ्यापल्याड हिरवी वाट —

पुढची ओळ आली नाही. क्रांती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.