चढावरची जागा

४ एप्रिल

चि. ठोंब्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पूर येणाऱ्या आमच्या गल्लीतून उठवून आम्हा सगळ्यांना शहराबाहेर माळावर घरं दिली. घर कोरडं आहे. गाद्या डोक्यावर घेऊन पाण्यात उभं राहिलेल्यालाच त्याचं अप्रूप कळेल! पण इथे औषधालाही झाड नाही. भिंतींना हात लावला तर चटका बसतो. ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान मात्र जुन्या गल्लीच्या तोंडाशीच. गिऱ्हाईक सगळं तिथलं. रोज रणरणत्या उन्हात सायकल हाणत जातात. बसने जा म्हटलं, तर म्हणतात, सायकलवालाच बसने आला तर लोक हसतील.

तू नगररचनेच्या कचेरीत बसतोस ना? मग चढावरच्या बंद गिरणीच्या जागेचं काय झालं? तिथे पाणी चढत नाही आणि दुकानही हाकेवर. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
वाकून नमस्कार.

त्या जागेवर तुमची घरं दाखवणारा आराखडा मीच केलाय. काल सुनावणी झाली. चढावरची मंडळी झाडून हजर. गरिबांना घरं मिळायलाच हवीत, पण इथे नकोत, असं सगळे एका सुरात म्हणाले. साहेबांनी निर्णय पुढे ढकलला. मी पिच्छा सोडणार नाही. तोवर भावोजींना सांग, ऊन उतरल्याशिवाय दुकानातून निघू नका. ऐकलं नाही तर मी स्वतः येऊन चाकांची हवा सोडेन.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा ठोंब्या

२ जुलै

चि. ठोंब्यास,
ताईचे आशीर्वाद.

हे गेल्यावर तू आलास, पण मान वर केली नाहीस. माळाच्या रस्त्यावर ऊन लागून कोसळले ते. ते ऊन तू पाडलं नव्हतंस. ही बातमी कळल्यावर चढावरचे लोक गप्प झाले आणि जागा मंजूर झाली, असं तू लिहिलंस. आधीच गप्प बसले असते तर, एवढंच मनात येतं.

आज घर ठरवायला बोलावलं होतं. कोणता मजला हवा, असं तिथल्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, तळमजलाच द्या, ह्यांना सकाळचा चहा दारात बसून लागतो. त्यांनी लिहूनही घेतलं. शेजारणीने माझा हात घट्ट धरला, तेव्हा मला कळलं, मी काय बोलले ते.

बदलायला सांगितलं नाही. तळमजलाच घेतलाय.

सवड काढून ये.

तुझी ताई