एका पायाचा पक्षी

४ ऑगस्ट, सोमवार

आठवडाभर गावच्या दुकानात आमच्या घराची पाळी. म्हणजे माझी! मामंजींनी सकाळीच हात झटकले — "माझे गुडघे, सूनबाई!" हे गुडघे दुकानाच्या वाटेवर दुखतात. चौकात गप्पा छाटायला जाताना नाही.

दहाच्या बोटीने चाळीस पाहुणे आले. पाचशे पायऱ्या चढून आले की आधी धापा टाकतात, मग तितिकाका तळ्याकडे बघून म्हणतात, काय सुंदर! बेटाच्या चारी बाजूंनी पाणीच पाणी. तीनच्या बोटीने परत जाणाऱ्याला सुंदरच दिसणार.

एकीने टोपी निम्म्या किमतीत मागितली. मी चिठ्ठी दाखवली. विणणाऱ्याचं नाव, किंमत, विषय संपला. "पुनोच्या बाजारात तर कमी करतात!" मग जा ना बाई पलीकडच्या काठाला, पुनोला. मला जाता येत नाही, तू तरी जा.

५ ऑगस्ट

माझ्या थोरल्या बहिणीचा, लिदियाताईचा निरोप आला, बोटवाल्या सिल्वेरिओबरोबर. पुनोतल्या तिच्या दुकानात भागीदारीण होती, ती महिनाअखेर माहेरी चालली. जागा रिकामी होतेय. "ये. त्या भुताची वाट बघत किती दिवस बसणार? या वेळी नाही आलीस तर दुसरी बघते."

भूत म्हणजे माझा नवरा. एउसेबिओ. चार वर्षांपूर्वी आरेकिपा शहरात कामाला गेला. पहिल्या वर्षी दोनदा फोन. मग काही नाही.

आणि मी का बसले आहे? पट्ट्यामुळे! लग्नात मी त्याला कमरेचा रुंद पट्टा विणून दिला, इथे सगळ्याच देतात. पुढून बारा महिन्यांची बारा चित्रं, मागच्या अस्तरात माझे स्वतःचे केस. वेणी कापून विणले होते. गेल्या वर्षी वडीलधाऱ्यांना विचारलं, मी मोकळी आहे का? कोकाची पानं चघळत बसले आणि म्हणाले, "पट्टा त्याच्या कमरेला आहे ना? मग तू त्याची बायको."

मामंजींना ताईचा निरोप सांगितला. म्हणाले, "जा की. मी आहे इथे, लोकांची बोलणी खायला."

नाही जात. झालं?

६ ऑगस्ट

वारा. सात पाहुणे. एक बांगडी विकली गेली. पाणी जागच्या जागी.

७ ऑगस्ट

मामंजी चुलीपाशी टोपी विणत होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचा अंगठा थरथरतो. टाके सुटतात, मी उचलून देते. एके काळी बेटावर त्यांच्यासारखी टोपी कुणाची नव्हती!

"तू नसतीस तर माझ्या टोप्यांच्या चाळण्या झाल्या असत्या," म्हणाले. असं काही बोलले की मला राग धरता येत नाही. सख्ख्या बापाने केली नसेल इतकी माया केली आहे या माणसाने. पायात बेडी असती तर तोडली असती, मायेचं काय करायचं?

एउसेबिओ मागणी घालायला आला तेव्हा बाबांनी रीतीप्रमाणे त्याने विणलेली टोपी उलटी धरून तिच्यात पाणी ओतलं. थेंब गळला नाही! बाबा खूश — हात घट्ट, म्हणजे माणूस टिकाऊ.

मी म्हटलं, "टोपी नाही गळली मामंजी, माणूस गळाला." एरवी या थट्टेवर हसतात. आज मान वर केली नाही.

८ ऑगस्ट

वाटाड्या विल्बर एका गोऱ्या बाईला घेऊन दुकानात आला. "हिला अस्साच पट्टा पाहिजे, बहिणीसाठी." बाईने पिशवीतून पट्टा काढून गल्ल्यावर ठेवला.

जूनच्या घरातला पक्षी. एक पाय! त्या दिवशी मला ताप होता, दोरा चुकला, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "राहू दे, लंगडा पक्षी उडून जात नाही." पट्टा उलटा केला. माझे केस.

विकला. पट्टा विकला त्याने! आमच्यात माणूस उपाशी मरेल पण हा पट्टा विकणार नाही.

विल्बरला म्हटलं, सांग हिला, हा सदोष आहे, पक्षी लंगडा आहे. याच्या बदल्यात मी विणलेला नवा कोरा घे, आणि बहिणीसाठी आणखी एक. बाई बघतच राहिली. विल्बर म्हणाला, "डोकं फिरलं का तुझं?"

पट्टा घागऱ्याखाली कमरेला गुंडाळून घरी आले. मी मोकळी आहे! वडीलधाऱ्यांपुढे ठेवला की संपलं.

९ ऑगस्ट

नाही ठेवला. मामंजींना कसं सांगू? पोराने पट्टा विकला हे ऐकून म्हातारा उन्मळून पडेल. सकाळभर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मला भाजलेला बटाटा सोलून दिला.

१० ऑगस्ट, रविवार

गोरी बाई परवापासून विल्बरच्या आईकडे मुक्कामाला होती. जायच्या आधी माझ्याबरोबर फोटो काढायला आली. फोनमधले बाकीचे फोटोही दाखवत बसली. पुनोचा धक्का, मासे, कुणाचं तरी पोर. "आणि इथल्या चौकात यांनी मला तो पट्टा विकला! किती गोड आजोबा!"

टोपी कानांपर्यंत ओढलेली. तरी ओळखली. मीच टाके उचलून दिलेली टोपी.

दुकानाला कुलूप लावून भर दुपारी घरी आले. पट्टा एउसेबिओच्या रिकाम्या खुंटीला टांगला. मामंजींच्या सुया थांबल्या.

"कधी आला हा?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. सिल्वेरिओबरोबर पाठवला होता त्याने. तिला सांगा म्हणाला, मोकळी आहेस."

तीन वर्षं!

"मग विकलात कशाला? जाळून टाकायचा!"

"जाळणार कसा? तुझे केस आहेत त्यात." जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले होते. "तुला काही झालं असतं म्हणजे? तळ्यातही टाकवेना. म्हटलं, समुद्रापार जाईल, तिकडे सुखात राहील."

"आणि मी?"

त्यांनी सुया पुन्हा हातात घेतल्या. "तू गेली असतीस."

"हो. गेले असते."

ओरडले. भांडं आपटलं. एवढं ओरडले की शेजारच्या मेंढ्या बिथरल्या. ते मान खाली घालून विणत राहिले. मी टाके उचलून दिले नाहीत.

११ ऑगस्ट

तीनची बोट. ताईकडे निघाले. मामंजी गुडघे घेऊन पाचशे पायऱ्या उतरले. माझ्या हातात टोपी ठेवली. कालच विणून संपवलेली, एकट्याने.

बोट सुटल्यावर मी ती उलटी धरून तळ्याचं पाणी ओतलं. मी टाके उचलून दिलेला काठ घट्ट होता. शेंड्यातून धार लागली.

सिल्वेरिओ म्हणाला, "वळवू का?"

मी नाही म्हटलं. मग पुनोपर्यंत रडत होते.