गाण्याच्या शेवटी नाव

१८ जानेवारी १९९४
ठरलं! मी आणि फहमिदा कॅसेट काढणार! गुलमंडीवरच्या कॅसेटच्या दुकानाची माडी, रेकॉर्डिंगला दुकानातला पोरगा, कारभारी. गाणी आमचीच, पण सगळा बाज जुन्या तबकड्यांचा — माझी ढोलकी, तिचा बुलबुलतरंग, दोघींत एकच माइक, तीन मिनिटांत गाणं खलास. आणि शेवटी जुन्या गाणाऱ्या बाया द्यायच्या तशी आपापल्या नावाची ललकारी! ही कल्पना माझी. इतकी वर्षं लोकांच्या हळदीला नि मेहंदीला घसा कोरडा केला, आता जरा आपल्यासाठी.

२० जानेवारी
पहिलं गाणं. काय गायली फहमिदा! अंगावर काटा आला. संपल्यावर मी खूण केली — आता नाव. ती माइकजवळ सरकली आणि म्हणाली, "कय्युम की अम्मी!"
मी हसून हसून ढोलकीवर आडवी.

२१ जानेवारी
आज "वहाब मास्तर के घर से"! अगं, घर गातंय की तू? म्हणे, "मुँह से निकलताच नै, द्वारकाबाई. कोई पुकारताच नै ना वो नाम से."
कारभारी वैतागला. "जाऊ द्या ना काकू, नाव छापू की वर. लई अडून बसू नका."
छापलेलं कोण वाचतं! एकाच माइकमध्ये दोघींचा आवाज. लोकांना वाटेल, सगळं मीच गायले. आणि गाण्यातल्या चांगल्या जागा तर सगळ्या तिच्या. तिचं नाव तिच्याच तोंडून हवं. मी हटणार नाही.

२३ जानेवारी
जास्तच टोचून बोलले. "स्वतःचं नाव सांगायला कसली लाज?" तिनं बुलबुलतरंग दुपट्ट्यात गुंडाळला. "गाने रक्खो, मेरेकू छोडो." गेली. कारभारी माझ्याकडे बघतोय, मी ढोलकीकडे.
भाकरी करपली. ह्यांनी तशीच खाल्ली.

२४ जानेवारी
तिच्याशिवाय कसली कॅसेट!

२५ जानेवारी
आली! आपल्या पायांनी आली! दारातूनच सांगायला लागली — काल दिवसभर घरात सराव केला. "चुल्हे के सामने बोली. फिर बकरी के सामने बोली. बकरी पलट के देखी, बाई!" दोघी उंबऱ्यावरच हसत बसलो. चहा उतू गेला.

२७ जानेवारी
"फहमिदा, औरंगाबादवाली!"
असं खणखणीत, की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली. मी रडले. चांगली मोठ्यानं रडले. कारभारी ओरडतोय, "काकू, टेप चालूय! तुमचं नाव द्या!" तिचं झाल्याशिवाय मी माझं देणार नव्हते. डोळे पुसले आणि तोंडाला आलं ते दिलं ठोकून.
फहमिदा आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग गळ्यात पडली. झाली कॅसेट!

६ फेब्रुवारी
कॅसेट घरी आली. हे आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. फहमिदाची ललकारी झाली, मग दुसरी — आणि हे ताडकन उठून बसले. "ही आवडा पैठणवाली कोण?"
मी! तुम्ही लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'द्वारका' लिहिलंत, त्याच्या आधीची.