तागाचं शेत

२० जुलै

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तू ओरडायला लागतेस, म्हणून लिहायला बसलोय. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तो पाय आता बरा आहे. इथे शहरात दादा आणि सूनबाई कामावर गेले की मी आणि तुझी आई दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसतो.

आता मुद्द्याचं. आपला ट्रॅक्टरवाला परवा इकडे येऊन गेला. तू भाजीच्या अख्ख्या शेतात ताग पेरलायस म्हणे! ना खाता येत, ना विकता येत. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? दोन पिकांच्या मधे मी त्या शेतात कधी गवताची काडी उभी राहू दिली नाही. शेत कसं लख्ख असायचं. लोक मला हसतायत आणि तू तिकडे जंगल वाढवतेयस.

साफ सांगतो. यंदा कोबी माझ्या वेळेसारखा आला नाही, तर शेत नर्सरीवाल्याला दहा वर्षांच्या कराराने देऊन टाकीन आणि तू गुमान इकडे राहायला यायचंस.

राग आला तरी जेवत जा.
तुझा,
आप्पा


२८ जुलै

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि नीट जेवले.

तुमचं शेत लख्ख होतं हो, पण त्यात कुदळ मारली की खणकन आवाज यायचा. पाणी दिलं की वरच्यावर वाहून जायचं. कोबीचा गड्डा वर्षागणिक लहान होत गेला आणि खताच्या गोण्या वाढत गेल्या, हे तुम्हाला दिसत नव्हतं असं नाही. उघडी जमीन उन्हात भाजते आणि पावसात धुपते. ताग नुसता उभा नाहीये. त्याची मुळं घट्ट माती फोडतात, हवेतला नत्र धरून ठेवतात. फूल यायच्या सुमारास कोवळा असतानाच तो मातीत गाडायचा, कुजू द्यायचा, मग कोबी लावायचा. हे जंगल नाही, जमिनीचं जेवण आहे.

आणि मी तिकडे येणार नाही. दहा वर्षांनी परत येऊन मी काय करायचं? मला हेच काम येतं आणि हेच आवडतं. आईला सांगा, तिची जाड चादर पाठवते.

माया कमी करू नका, रागाचं माझं मी बघून घेईन.
आपली,
ठिणगी


९ ऑगस्ट

ती. आप्पांस,
नमस्कार. आज विनंतीही नाही आणि विशेषही नाही.

मी परसातली भाजी घेऊन बाजारात गेले आणि तुम्ही तेवढ्यात डाव साधलात! परत येते तर ट्रॅक्टरवाला चार माणसं लावून ताग उपटतोय. उपटलेला बांधाबाहेर फेकलेला, आणि मोकळ्या जागेवर ट्रॅक्टर फिरवून झालेला. विहिरीकडचं अर्धं शेत त्याने साफ केलं होतं. मी सरळ ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिले. बिचारा म्हणत होता की आप्पांचा निरोप आहे, तो काय करणार. मी म्हटलं, निरोप आप्पांचा असेल, पण चाकाखाली त्यांची मुलगी येईल, तेही त्यांना कळव. तो इतका घाबरला की डबा इथेच विसरून गेला.

लाज नाही वाटत आप्पा? मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण ऐका, विहिरीकडचं अर्धं आता तुमचं, रस्त्याकडचं माझं. दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच जातीचं कोबीचं रोप लावीन आणि सारखं पाणी देईन. आणि माझ्या अर्ध्यातला ताग आता मला वाटेल तेव्हाच गाडीन. बघू या.

रागावलेली, तरी तुमचीच,
ठिणगी


२१ ऑगस्ट

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

लाज कसली? शेत माझं, मी उपटीन. पण ट्रॅक्टरपुढे उभी राहू नकोस, हे मात्र बाप म्हणून हात जोडून सांगतो. तुझी अर्ध्या-अर्ध्याची अट मान्य. हरशील.

आप्पा

ता. क. मी आई लिहितेय. तू ट्रॅक्टर अडवलास ते पत्र यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मग शेजाऱ्यांना सांगत सुटले की आमची पोरगी कुणाला भीत नाही म्हणून. मी सांगितलंय असं म्हणू नकोस.


२ डिसेंबर

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

कोबी निघाला. तुमच्या अर्ध्यातला भरदार आणि माझा मुठीएवढा, पिवळट. घ्या हसून हवं तेवढं.

चूक तागाची नाही, माझ्या हट्टाची आहे. तुम्ही उपटलात म्हणून मी चिडून माझा मुद्दाम उभा ठेवला. पिवळीधमक फुलं आली, मधमाश्या आल्या, मी ऐटीत बघत बसले. तोवर खोडं लाकडासारखी झाली. तशीच गाडली आणि तुमच्या अर्ध्याबरोबर लावायचा म्हणून लगेच कोबी लावला. त्या जाड काड्या कुजवता कुजवता मातीने सगळा नत्र स्वतःच खाल्ला, रोपांना उपाशी ठेवलं. मातीत राबणाऱ्या बाईने करायची चूक नव्हे ही, पण आपल्या घरात अशाच चुका होतात.

मात्र मधे धो धो पाऊस झाला तेव्हा तुमच्या अर्ध्यातली माती गढूळ होऊन नाल्याला गेली आणि वर पापडी धरली. माझ्याकडे पाणी आत मुरलं. तेव्हा कोबीत मी हरले असेन, पण शेत सोडून जात नाही. दोन्हीकडे टोमॅटो लावलाय.

हरलेल्या मुलीवरही थोडी माया असू द्या.
ठिणगी


१५ डिसेंबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

शब्द म्हणजे शब्द. कोबीवर ठरलं होतं, कोबी झाला. नर्सरीवाल्याला मी होकार कळवलाय. टोमॅटो उरकेपर्यंत तो थांबेल, मार्चमध्ये शेत बघायला येईल. तुझी खोली सूनबाईने रंगवून घेतलीय. फार ताणू नकोस, पोरी.

आप्पा


१८ मार्च

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

नर्सरीवाला काल येऊन गेला. त्याआधी काय झालं ते सांगते. ऐन उन्हात विहिरीवरची मोटार जळली. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत कुठल्याच अर्ध्याला थेंबभर पाणी नव्हतं. तुमच्याकडे जमिनीला भेगा पडल्या, फुलं गळली, झाडं वाळून गेली. माझ्याकडे पानं दुपारी मलूल व्हायची आणि सकाळी परत ताठ. गाडलेल्या काड्या एव्हाना कुजल्या होत्या, मातीने ओल सोडली नाही. अजून तोडणी चालू आहे.

नर्सरीवाल्याने दोन्हीकडे कुदळ मारली. माझ्याकडची माती हातात घेऊन चुरली, वास घेतला, गांडुळं बघितली. मग म्हणाला की रस्त्याकडचं अर्धं तो आजच घेतो. विहिरीकडचं मात्र फुकट दिलं तरी नको, त्या मातीत जीव उरलेला नाही. मी त्याला म्हटलं, हे तुम्ही आप्पांना स्वतः सांगा. त्याची काही हिंमत होईना, म्हणून मी कळवतेय.

उत्तराची वाट बघतेय.
ठिणगी


२६ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

त्याची ही मजाल? ज्या मातीत मी हयात घातली ती याला फुकटही नको? करार गेला खड्ड्यात. त्याला आपल्या फाटकातून आत घेऊ नकोस.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कोबी माझा चांगला आला होता, हे मी अजूनही म्हणणार. पण माती मेलीय असं कुणी म्हटलेलं मला सहन होत नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता हेही कळतंय. माझ्या अर्ध्यात ताग पेर. या वेळी कोवळा असतानाच गाड, आणि मग दोन-तीन आठवडे थांब, घाई करू नकोस. शेत तूच कर. सूनबाईला वाईट वाटेल, तिला मी समजावतो.

तुझा,
आप्पा


४ एप्रिल

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

ताग कसा गाडायचा हे आता तुम्ही मला शिकवणार, वा! आईला म्हणावं, हे ऐकायला मी जन्मभर थांबले असते.

पण एक सांगायचं राहिलं. नर्सरीवाला फाटकातून बाहेर पडला त्याच संध्याकाळी मी तुमची वाळकी झाडं काढली आणि तुमच्या अर्ध्यात ताग पेरून टाकला. तुमचं पत्र आलं तेव्हा तो बोटभर वर आला होता. तुम्ही करार केला असतात तरी पेरला असता, आणि कुणी उपटला असता तर परत पेरला असता.

तेव्हा परवानगी मागत नाहीये, फक्त कळवतेय.

आपली,
ठिणगी