स्वखुशीने

३ मे

आज नऊ महिने भरले. करार संपला! बॅग भरली आहे, फक्त चेन लावलेली नाही. दाढीचं सामान सकाळी लागेल.

फिटर जहाजावरून उतरतो तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्या बदली फिटरसाठी एक वही ठेवून जातो. कुठला पंप रडका आहे, कुठला व्हॉल्व्ह पाव फेरा जास्त फिरवावा लागतो, कुठला पाना कुठल्या खणात. वही लेथ मशीनवर ठेवायची आणि शिडी उतरायची. मी चढलो तेव्हाही अशीच एक ठेवलेली होती. पहिला महिना मी त्या अनोळखी माणसाच्या अक्षरावर काढला.

माझी वही लिहून झाली, अठरा पानं. मागची बाजू कोरी आहे, म्हणून हे मागून लिहितोय. असलं लिहायची सवय नाही. पण एकवीस माणसांत माझी भाषा बोलणारा एकच, आचारी मामा, आणि मामाला स्वतःच्या गुडघ्यांपलीकडे विषय नाही. उतरताना ही पानं कापून नेईन.

४ मे

उतरलो नाही. साथीमुळे बंदरानं माणसांना बंदी केली आहे. कंटेनर उतरले. सगळे.

१९ मे

कप्तानानं बोलावलं. "एक फॉर्म आहे. फॉर्मॅलिटी."

मजकूर छापलेलाच. मी माझ्या स्वखुशीने करार तीन महिने वाढवून देण्याची विनंती करीत आहे. खाली नाव, हुद्दा, सही. जहाजावर आपण दिवसाला दहा कागदांवर सह्या ठोकतो – वेल्डिंगचा परवाना, तेलाचा हिशेब, झोपेच्या तासांचा तक्ता. तक्ता तर झोपायच्या आधीच भरलेला असतो. वाचतो कोण! केली सही. मामानंही केली.

"कागदच तो," मामा म्हणाला. "कागदानं काय अंगाला भोकं पडतात?"

८ जून

लेक आज एक वर्षाची झाली. मी निघालो तेव्हा दोन महिन्यांची होती, मान धरत नव्हती. व्हिडिओवर तिनं मला नीट बघितलं. मग फोन उलटा केला आणि मागे बघितलं. मागे मी नव्हतो. बायको हसली, मीही हसलो. तेवढ्यात नेट गेलं. बरंच झालं, पुढे हसणं जमलं नसतं.

बायकोचा शर्टांचा कारखाना बंद आहे. परदेशातल्या दुकानानं ऑर्डर रद्द केली – शर्ट शिवून, इस्त्री होऊन, कॉलरखाली पुठ्ठा घालून झाल्यावर! बायका विचारायला गेल्या, आम्ही शिवलं त्याचं काय? मालक म्हणाला, "साथ आहे, माझ्या हातात काय आहे?" दुकानवालाही तेच म्हणाला असणार. वरचा खालच्याच्या अंगावर ढकलतो. सगळ्यात खाली जी बसली आहे तिनं कोणाच्या अंगावर ढकलायचं?

२ जुलै

आपलं बंदर! माझं! डेकवरून फाटक दिसत होतं, फाटकाबाहेर बसथांबा. निळी बस येऊन गेली, दोनदा. त्या बसनं तासाभराचं अंतर आणि पुढे दहा मिनिटं चालत – मी डोळे मिटून जाईन.

शिडीच्या पायथ्याशी पहारेकरी. त्यालाही वाईट वाटत होतं. "मला ऑर्डर आहे हो," म्हणाला, आणि पाठ करून उभा राहिला.

आधी थंड कंटेनर उतरले, गोठवलेल्या माशांचे. मासे नासतात म्हणे. बायकोला सांगितलं नव्हतं आपण इथे आहोत म्हणून. तरी तिला कळलं, फोनवर जहाज कुठे आहे ते दिसतं. ती लेकीला घेऊन फाटकापर्यंत आली होती. मला ते जहाज सुटल्यावर कळलं.

ती थांब्यावर बसली होती म्हणे, दीड तास. मी त्या थांब्याकडेच बघत होतो. इतक्या लांबून कोण कोण ते ओळखू येत नाही.

३ जुलै

काही नाही.

२३ जुलै

ऑफिसातून फोन. हा माणूस आपल्याच भाषेत बोलतो, आणि असा बोलतो की तोंडात खडीसाखर ठेवली आहे. "भाऊ, आमच्याकडून सगळं तयार आहे हो. तिकीट, परवानगी, सगळं. तुमचा बदलीच यायला तयार नाही. घाबरतो. रोगाला."

म्हटलं, मला त्याचा नंबर द्या, मी बोलतो. "नाही हो भाऊ, खासगी माहिती देता येत नाही."

भित्री भागूबाई! मी इथे पन्नास डिग्रीत पंप खोलतोय आणि हा पंख्याखाली पाय पसरून बसलाय. याच्या भीतीपायी माझी लेक बसथांब्यावर बसली. एकदा भेटू दे लेकाचा, वही तर नाहीच देणार. शोध म्हणावं व्हॉल्व्ह.

एक कळत नाही. आमच्यात जहाजावर नसलं की पगारही नसतो. मग इतके महिने भ्यायला त्याला परवडतं कसं? सासरा गब्बर असेल.

१४ ऑगस्ट

आज कोणाशीच बोललो नाही. लेथशी बोललो.

५ सप्टेंबर

बंदरात एक खोकं वर आलं. कंपनीकडून भेट. आत एकवीस टोप्या, वर सोनेरी दोऱ्यानं विणलेलं – "जगाचे आधार, समुद्राचे वीर." टोप्या शिडी चढून आल्या, त्यांना कोणी अडवलं नाही. बदली काही चढला नाही.

वर्ष उलटून गेलं. अकरा महिन्यांच्या वर माणसाला जहाजावर ठेवायचं नाही असा जगभरचा नियम आहे, जेवणाच्या खोलीत भिंतीवर लावलाय. त्याच भिंतीखाली बसून दुसऱ्या कागदावर सही केली. कप्तान नजर देत नव्हता. तोही चौदा महिने इथेच आहे. त्याच्यावर रागवायलाही मजा येत नाही.

मामानं टोपीत कांदे ठेवले. "वीरांचे कांदे," म्हणाला. खूप दिवसांनी पोट धरून हसलो. मग केबिनमध्ये येऊन दार लावलं आणि रडलो. लिहून टाकतो, कोण वाचतंय.

१७ ऑक्टोबर

चौथा इंजिनियर, पोरसवदा गडी, जेवताना बातम्या वाचून दाखवतो. एका कंटेनरचं भाडं दुप्पट झालं म्हणे, आणि अजून चढतंय. आपल्या कंपनीला इतकं चांगलं वर्ष कित्येक वर्षांत गेलं नव्हतं. घरात कोंडलेले लोक सामान मागवतायत. आम्ही नेतोय काय? टीव्ही, बागेतल्या खुर्च्या, व्यायामाच्या सायकली. यादी बघितली मी – सायकलीच सायकली! ज्यांना घरी बसून पगार मिळतो ते घरी बसून सायकल मारतायत.

आज सकाळीच बायकोचा फोन. "शेजारी सायकल आली, परदेशातली. तीन आठवड्यांत! आणि तुम्ही?"

ती चिडून म्हणाली नाही. थट्टेनं म्हणाली. मग ती लेकीच्या दातांबद्दल बोलायला लागली. आठ दात आलेत. ती कारखान्यातून घरी बसलेली, मी जहाजावर अडकलेला. तिला काम नाही, मला सुट्टी नाही. एकाच साथीत असं दोन्ही कसं होतं? चौथ्याला विचारलं. तो म्हणाला, साथ सगळ्यांना सारखी असते, पण दरवाजे कोणाला कुठल्या बाजूनं लावायचे ते साथ ठरवत नाही. पोरगा शिकलेला आहे. लवकरच याला कुठेतरी चूप करतील.

८ नोव्हेंबर

तीन नंबरचा पंप गेला. इंजिन थंड ठेवणारं समुद्राचं पाणी तीन पंप ओढतात. दोन नंबर आधीच मेलेला, सुटे भाग नाहीत. म्हणजे राहिला एकटा एक नंबर. तो गेला की जहाज उभं.

चीफ इंजिनियर घामाघूम. "तूच कर काहीतरी."

पंप उघडला. शाफ्टवरची स्लीव्ह झिजून कागद झालेली. पाना हातात घेऊन तसाच बसून राहिलो. मनात आलं – नाही जमत म्हणावं. इतकंच म्हणायचं. जहाज थांबेल. सायकली थांबतील. ऑफिसातली खडीसाखर तोंडातल्या तोंडात विरघळेल, बदलीला दोन दिवसांत विमानात बसवतील. माझ्यासारखे लाखो आहेत समुद्रावर अडकलेले. सगळ्यांनी एकाच दिवशी पाना खाली ठेवला तर? कोणाला मारायचं नाही, काही फोडायचं नाही. फक्त खाली ठेवायचा.

दुपारपर्यंत पितळेची नवी स्लीव्ह कातून झाली होती. हात ऐकत नाहीत. बिघडलेला पंप समोर दिसला की त्यांना राहवत नाही. पंप असा चालू झाला की आवाज नाही! चीफनं पाठ थोपटली. मी वही सुलट करून बदलीसाठी लिहूनही ठेवलं, स्लीव्हचं माप आणि गळती थांबवणारी ग्लँड किती आवळायची ते. भागूबाईसाठी! मीही एक खुळाच.

६ डिसेंबर

बायको आता "तुम्ही आल्यावर" म्हणत नाही. गॅसचा पाइप बदलला, खिडकी दुरुस्त करून घेतली, सांगितलं नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "अहो, किती दिवस ठेवणार?" बरोबर आहे तिचं. मी त्या घरातला पाहुणा होत चाललोय.

आणि दुपारी तिसरा कागद. तोच मजकूर. पेन उघडलं आणि पहिल्यांदाच नीट वाचला. कप्तानाला म्हटलं, करतो सही, पण हे "स्वखुशीने" खोडा. तिथे लिहा – नाइलाजाने.

"छापील फॉर्म आहे. खोडाखोड चालत नाही."

"मग माझी सही चालत नाही."

मी म्हणालो? मीच म्हणालो! कप्तान शांतपणे म्हणाला, पुढचं जहाज मिळणार नाही तुला, माहीत आहे ना? माहीत आहे. या कंपनीच्या यादीतून एकदा नाव गेलं की दुसरीही उभं करत नाही. पंधरा वर्षं समुद्रात काढली, दुसरं काही येत नाही.

मामानं निमूट सही केली. माझ्या ताटात जास्तीचं अंडं वाढलं. "एकट्यानं डोकं आपटून भिंत पडते का रे?" एवढंच, ते पण भांडी घासता घासता. आज या जहाजावर माझ्याइतका एकटा कोणी नाही. सही न केलेला मी एकटाच.

२९ डिसेंबर

चमत्कार! खडीसाखरेचा फोन. बदली तयार झाला! आठ जानेवारीला बंदरात येतोय. सात महिने घाबरणारा गडी तीन आठवड्यांत शूर झाला. लस टोचली की काय कोणी?

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "शिडी उतरलात की फोन करा, तोपर्यंत मी लेकीला सांगणार नाही." लेकीला काय कळतंय? ते ती स्वतःसाठी म्हणाली.

८ जानेवारी

बॅग भरली, चेनही लावली. लाँच दुपारी तीनला. बदलीशी भेट नाही, तसा नियम – आम्ही उतरून लाँचच्या मागच्या टोकाला बसल्याशिवाय नव्यांनी शिडीला हात लावायचा नाही. हस्तांतर फक्त वहीतून. असू दे. मला त्याचं तोंड बघायचंही नाही.

वही मात्र ठेवतोय. पंपांनी काय घोडं मारलंय? मामासाठी गुडघ्याचं मलम ठेवलं. आता जेवून येतो आणि ब्लेडनं ही मागची पानं नीट कापून घेतो.

३ फेब्रुवारी

दादा, मी तुमचा बदली. लाँच बाराच वाजता आली आणि तुम्हाला ताटावरून उठवलं, असं मामा म्हणाले. वही लेथवर होती. सुलट अठरा पानं झाली, पुढे पंपाचं माप मिळालं, मग उलटी पानं लागली. वाचली. माफ करा.

मी घाबरलो नव्हतो. मेपासून बॅग भरून बसलो होतो. ऑफिस म्हणायचं, जहाजावरचा फिटर उतरायलाच तयार नाही, त्यानं स्वखुशीनं लिहून दिलंय – तुमच्या सहीचा कागद दाखवला. आठ महिने मी तुम्हाला शिव्या घातल्या. सासरा गब्बर नाही. बायकोचं शिलाई मशीन विकावं लागलं.

आज कप्तानानं सगळ्यांपुढे तो कागद ठेवला, माझ्यापुढेही, आत्तापासूनच, तारखेची जागा मोकळी. मी मामांना तुमचं सहा डिसेंबरचं पान वाचून दाखवलं. मग चौथ्याला त्याच्या भाषेत समजावलं, त्यानं पुढे बाकीच्यांना.

आम्ही अकरा जणांनी सही केली नाही. तीन नंबरचा पंप छान चालतोय.